‘मला खूप वाटतं’ हे इंग्रजीत कसे म्हणावे?

प्रश्न : माझे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि आता कामानिमित्त रोज इंग्रजीत ईमेल लिहावे लागतात. व्याकरणाच्या चुका फारशा होत नाहीत, पण मत जोर देऊन मांडायचे म्हटले की गाडी अडते. मी ‘आय स्ट्राँगली थिंक’ असे लिहिले, तर वरिष्ठांनी ‘थिंक’ खोडून ‘बिलीव्ह’ केले. ‘आय व्हेरी मच थिंक’ हेही त्यांनी खोडले, मात्र त्याच ईमेलमधले ‘आय व्हेरी मच होप’ तसेच ठेवले. माझ्या मार्गदर्शक बाईंविषयी आदराने लिहिलेल्या ‘आय हायली थिंक ऑफ हर’ या वाक्याची शब्दरचना त्यांनी बदलून दिली. या सगळ्यापेक्षा एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. एका करारावर आपण सही करू नये असे माझे ठाम मत होते, म्हणून मी ‘आय डोन्ट रिअली थिंक वी शुड साइन’ असे लिहिले. वाचणाऱ्यांना तो किरकोळ आक्षेप वाटला आणि त्यांनी सही करून टाकली. शब्दकोशात या सगळ्या शब्दांपुढे ‘खूप’, ‘अतिशय’, ‘अत्यंत’ हेच अर्थ दिलेले असतात. मग एक चालतो आणि दुसरा का चालत नाही? याला काही नियम आहे, की नुसते पाठ करायचे?

उत्तर : तुमच्या पत्रातील पहिली तीन वाक्ये खटकणारी होती, पण त्यांच्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. कराराचे वाक्य मात्र व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होते आणि नेमके त्यानेच तुमचे मत भलतेच करून पोहोचवले. म्हणून सुरुवात तिथून करते.

‘रिअली’ हा शब्द ‘डोन्ट’च्या आधी येतो की नंतर, यावर इंग्रजीत सगळा अर्थ फिरतो. ‘आय रिअली डोन्ट थिंक’ असे म्हटले की जोर नकारावर बसतो. बोलणारा नाही म्हणतो आहे आणि ते मनापासून म्हणतो आहे. ‘आय डोन्ट रिअली थिंक’ असे म्हटले की नकार जोरावर बसतो, म्हणजे जे नाकारले जाते तो जोरच असतो, आणि मागे उरते ते ‘तसे काही खास वाटत नाही’ एवढेच कोमट मत. ऐकायला हे बारीक वाटते, पण मराठीत हाच भेद आपण दिवसातून दहा वेळा न चुकता करतो, फक्त तो शब्दांच्या क्रमाने न करता वेगळे शब्द वापरून करतो. ‘मला हे मुळीच आवडत नाही’ आणि ‘मला हे फारसे आवडत नाही’ या दोन वाक्यांची गल्लत कोणताही मराठी माणूस करणार नाही. तुम्हीच पत्रात लिहिले आहे की ‘व्याकरणाच्या चुका फारशा होत नाहीत’. ते वाचून मला कळले की चुका थोड्या होतात, आणि तुम्हालाही तेवढेच सांगायचे होते. इंग्रजीत नकारानंतर येणारे ‘रिअली’ हे बहुतेक वेळा आपले ‘फारसे’ असते, आणि नकाराच्या आधी येणारे ‘रिअली’ हे आपले ‘खरोखर’, ‘अजिबात’, ‘मुळीच’ यांच्या जवळचे असते.

तुमची चूक कशी झाली असेल, याचाही अंदाज बांधता येतो. मराठीत ‘खरंच’ हा शब्द वाक्यात कुठेही ठेवला तरी तो स्वतःचे काम सोडत नाही. ‘मला खरंच नाही वाटत’, ‘खरंच मला नाही वाटत’, ‘मला नाही वाटत, खरंच’ ही तिन्ही वाक्ये ठाम आहेत. जी भाषा लहानपणापासून शब्दाला एवढे मोकळे फिरू देते, त्या भाषेतून आलेल्या माणसाने ‘रिअली’ एक शब्द पुढे सरकवले तर काही बिघडेल असे त्याला का वाटावे? इंग्रजी मात्र जागेवर चालणारी भाषा आहे. कर्ता कोणता आणि कर्म कोणते हेसुद्धा तिथे बहुतांशी जागेवरूनच कळते, आणि जोराच्या शब्दांचा आवाकाही जागेवरूनच ठरतो. तेव्हा नकारी वाक्य पाठवण्यापूर्वी जोराचा शब्द नकाराच्या आधी आहे की नंतर, एवढे बोट ठेवून पाहावे. बाकी सगळे विसरलात तरी चालेल, पण हे विसरू नका.

आता ‘थिंक’कडे येऊ. या क्रियापदाचे मराठीत भाषांतर करताना आपण दोन वेगवेगळी क्रियापदे वापरतो, पण ही गोष्ट आपल्या ध्यानात राहत नाही. ‘आय थिंक ही इज राइट’ म्हणजे ‘त्याचे बरोबर आहे असे मला वाटते’. ‘आय एम थिंकिंग अबाउट इट’ म्हणजे ‘मी त्याचा विचार करतो आहे’. वाटणे ही मनाची स्थिती आहे. ती असते किंवा नसते. विचार करणे ही कृती आहे. ती कमी वेळ किंवा जास्त वेळ, घाईने किंवा शांतपणे, वरवर किंवा खोलवर करता येते. इंग्रजीतल्या जोराच्या शब्दांची निवड या भेदावर उभी आहे, आणि मराठी माणसाला हा भेद आयता मिळालेला आहे. इंग्रजी वाक्य लिहिताना मनात विचारावे, ‘मला इथे वाटणे म्हणायचे आहे की विचार करणे?’ उत्तर ‘विचार करणे’ असेल, तर जोराचा शब्द बहुधा क्रियापदाच्या नंतर येतो आणि तो रीत किंवा प्रमाण सांगतो: ‘थिंक हार्ड’, ‘थिंक केअरफुली’, ‘थिंक डीपली’, ‘थिंक लाँग अँड हार्ड’, ‘थिंक अ लॉट अबाउट समथिंग’. ‘आय एम सिरियसली थिंकिंग ऑफ रिझाइनिंग’ यात ‘सिरियसली’ आधी आले आहे, पण तिथेही चाललेला विचारच अभिप्रेत आहे. उत्तर ‘वाटणे’ असेल, तर यांपैकी बरेच शब्द गैरलागू होतात. ‘आय डीपली थिंक दॅट ही इज राइट’ असे कोणी लिहीत नाही, कारण त्याचे बरोबर असल्याचे खोलवर वाटणे ही कल्पना ‘थिंक’मध्ये मावत नाही.

गंमत अशी की इंग्रजीतही एके काळी ही दोन क्रियापदे वेगळी होती. जुन्या इंग्रजीत विचार करण्यासाठी ‘थेन्चान’ आणि वाटण्यासाठी ‘थिन्चान’ अशा उच्चारांची दोन जवळजवळची क्रियापदे होती, आणि दुसऱ्या क्रियापदाचा वापर हुबेहूब आपल्या ‘मला वाटते’सारखा होता, म्हणजे ज्याला वाटते तो कर्त्याच्या रूपात न येता ‘मला’ या रूपात येई. उच्चार इतके जवळ होते की पुढच्या काही शतकांत दोन्ही एकमेकांत मिसळली आणि एकच ‘थिंक’ उरले. शेक्सपिअरच्या काळच्या नाटकांत भेटणारे ‘मीथिंक्स’ हे त्या जुन्या ‘मला वाटते’चेच अवशेषरूप आहे. हा इतिहास माहीत नसल्याने ईमेल अडत नाही, हे मला मान्य आहे. तरी तो सांगावासा वाटला, कारण आपली भाषा आडवी येते अशी खंत तुमच्या पत्राच्या पहिल्याच वाक्यात डोकावते, आणि इथे तर तीच वाट दाखवते आहे.

आता ‘खूप’चा प्रश्न. मराठीत ‘मला खूप वाटतं’ असे आपण म्हणतो, पण केव्हा म्हणतो ते पाहा. ‘मला खूप वाटतं, तिने शिकावं’ हे वाक्य सहज तोंडात येते. ‘मला खूप वाटतं की तिचे उत्तर चुकले आहे’ हे येत नाही. पहिल्या वाक्यात इच्छा आहे, दुसऱ्यात मत आहे. इच्छेला ‘खूप’ लागते, मताला लागत नाही, आणि तेही आपल्याच भाषेत. इंग्रजीत इच्छा आणि मत यांसाठी एकच क्रियापद चालत नाही. इच्छेसाठी ‘होप’, ‘वॉन्ट’, ‘विश’ अशी वेगळी क्रियापदे आहेत, आणि ‘व्हेरी मच’ ही जोडी त्यांच्याबरोबर रमते: ‘आय व्हेरी मच होप’, ‘आय व्हेरी मच वॉन्ट’. त्यामुळे वरिष्ठांनी एक ‘व्हेरी मच’ खोडले आणि दुसरे ठेवले यात लहरीपणा काही नव्हता. आशा कमी-जास्त असते, आवड कमी-जास्त असते, शंकाही कमी-जास्त असते. म्हणूनच ‘आय व्हेरी मच डाउट इट’ हे चालते. मत मात्र ‘किती वाटते’ या मापाने मोजले जात नाही. नुसते ‘व्हेरी’ तर क्रियापदाला लागतच नाही. ते विशेषणांना आणि क्रियाविशेषणांना लागते, क्रियापदाजवळ यायचे तर त्याला ‘मच’चा हात धरावा लागतो. ‘आय व्हेरी थिंक’ आणि ‘आय व्हेरी अ‍ॅग्री’ ही वाक्ये त्यामुळे मुळातच चुकीची ठरतात.

मग ‘रिअली थिंक’ कसे चालते? कारण ‘रिअली’ माप सांगत नाही, ते ग्वाही देते. ‘आय रिअली थिंक वी शुड वेट’ याचा अर्थ ‘थांबावे असे मला पुष्कळ वाटते’ असा नसून ‘थांबावे असे मला खरोखरच वाटते, मी हे उगाच बोलत नाही’ असा आहे. ‘ऑनेस्टली थिंक’ आणि ‘जेन्युइनली थिंक’ हेही याच घराण्यातले आहेत. तिन्ही शब्दांच्या मुळाशी खरेपणा आहे, आणि वाटण्याला लागणारा जोर हा प्रामुख्याने खरेपणाचाच जोर असतो. मराठीतही ‘मला खरंच वाटतं’, ‘मला मनापासून वाटतं’ असेच आपण म्हणतो. ‘व्हेरी’ या शब्दाचा प्रवासही या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ ‘खरा’ असा होता. चौदाव्या शतकात चॉसर या कवीने एका वीराला ‘व्हेरी’ म्हटले, ते ‘खराखुरा’ या अर्थाने. पुढे वापरून वापरून त्यातला खरेपणा झिजला आणि नुसते प्रमाण उरले. ‘रिअली गुड’सारख्या प्रयोगांत ‘रिअली’चाही तोच प्रवास सुरू असल्याचे दिसते, पण ‘थिंक’जवळ बसल्यावर मात्र तो शब्द आपला जुना अर्थ राखून आहे.

‘डू’चा उल्लेख तुमच्या पत्रात नाही, पण तो केल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण सुशिक्षित इंग्रजी लेखनात ‘थिंक’ला जोर देण्याची सर्वांत सभ्य आणि सर्वांत दुर्लक्षित रीत हीच आहे. ‘आय डू थिंक वी शुड वेट’ या वाक्यात कोणतेही क्रियाविशेषण नाही, तरी मत ठळक होते. आधी कोणी वेगळे बोलले असेल, किंवा आपणच काही सवलत दिली असेल, तर त्या पार्श्वभूमीवर ‘तरीही मला असेच वाटते’ हे ‘डू’ सांगते. ‘योजना महाग आहे हे खरे, पण ती करावी असेच मला वाटते’ यातला ‘असेच’मधला ‘च’ जे काम करतो, जवळजवळ तेच काम हे ‘डू’ करते. चर्चेत आवाज न चढवता मतावर टिकून राहायचे असेल, तर ‘स्ट्राँगली’ शोधत बसण्यापेक्षा हा छोटा शब्द वापरून पाहा.

आता ‘स्ट्राँगली थिंक’. हे वाक्य व्याकरणाने अशुद्ध आहे असे मी म्हणणार नाही; ते लिहिणारे लोक आहेत, आणि वाचणाऱ्याला अर्थही कळतो. पण वरिष्ठांनी केलेला बदल योग्यच होता, आणि त्यामागचे कारण तुमच्या सगळ्या प्रश्नाच्या गाभ्याशी जाणारे आहे. ‘आय थिंक’ हे इंग्रजीत बहुतेक वेळा मत ठाम करण्यासाठी नसून ते सौम्य करण्यासाठी येते. ‘ही इज इन हिज रूम’ म्हणजे तो खोलीत आहे. ‘आय थिंक ही इज इन हिज रूम’ म्हणजे तो बहुधा खोलीत असावा. बोलताना ‘थिंक’वर आघात दिला, तर शंका आणखीच वाढते. म्हणजे ज्या क्रियापदाचा धर्मच हात आखडता घेण्याचा आहे, त्याला आपण ‘स्ट्राँगली’ जोडून मूठ आवळायला सांगतो. एक पाऊल पुढे आणि एक मागे, अशी त्या वाक्याची अवस्था होते. ‘बिलीव्ह’मध्ये निष्ठा आहे, पाय रोवून उभे राहणे आहे, म्हणून ‘स्ट्राँगली बिलीव्ह’ आणि ‘फर्मली बिलीव्ह’ हे दोन्ही खणखणीत वाजतात. ‘फील’चेही तसेच: ‘आय फील स्ट्राँगली दॅट’, ‘आय फील स्ट्राँगली अबाउट धिस’. ‘सस्पेक्ट’ हे वास्तविक अंदाजाचेच क्रियापद आहे, पण त्यात संशयाची धार आहे आणि धार कमी-जास्त होऊ शकते, त्यामुळे ‘आय स्ट्राँगली सस्पेक्ट’ हेही अगदी रूढ आहे.

यातून निघणारी गोष्ट इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत ठळकपणे सांगितलेली मला क्वचितच आढळली आहे. मत ठाम असेल, तर ‘थिंक’ला जोर लावत बसू नये, क्रियापदच बदलावे. ‘आय एम कन्व्हिन्स्ड’, ‘आय एम शुअर’, ‘आय फर्मली बिलीव्ह’ असे पर्याय आहेत. आणि त्याहून ठाम पर्याय म्हणजे ‘आय थिंक’ काढूनच टाकणे. ‘वी शुड नॉट साइन’ हे चार शब्दांचे वाक्य कोणत्याही ‘स्ट्राँगली’पेक्षा जड आहे. मराठीतही ‘आपण सही करू नये’ हे ‘आपण सही करू नये असे मला अगदी ठामपणे वाटते’ याच्यापेक्षा कमी ठाम नाही. अर्थात प्रत्येक ईमेलमध्ये असे निखळ वाक्य शोभत नाही. माणसे, हुद्दे आणि प्रसंग पाहून ते ठरवावे लागते. पण जिथे चूक महागात पडणार आहे तिथे सौम्य क्रियापदाच्या आडोशाला उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘नियम आहे की पाठांतर’ या तुमच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येते. इथवर सांगितलेला भाग कारणे देता येण्याजोगा होता. त्यापुढचा भाग संगतीचा आहे, आणि संगतीला कारण दर वेळी देता येत नाही. जे. आर. फर्थ नावाचे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ होते. ते काही वर्षे लाहोरच्या विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि पुढे लंडनमध्ये भाषाशास्त्र शिकवत. शब्द ओळखायचा असेल तर तो कोणाच्या संगतीत असतो ते पाहावे, अशा आशयाचे त्यांचे १९५७ सालचे विधान या विषयात पदोपदी उद्धृत केले जाते. त्यानंतर सिडनी ग्रीनबाउम या अभ्यासकाने नेमक्या तुमच्याच प्रश्नावर, म्हणजे इंग्रजी क्रियापदे आणि जोराचे शब्द यांच्या जोड्यांवर, काम केले आणि ते १९७० साली प्रसिद्ध झाले. त्याची पद्धत साधी होती. त्याने इंग्रजी भाषकांना अर्धवट वाक्ये दिली आणि ती पुरी करायला सांगितली. ‘आय एंटायरली’ एवढेच दिल्यावर बहुतेकांनी पुढे ‘अ‍ॅग्री’ लिहिले. ‘आय बॅडली’ दिल्यावर ‘नीड’कडे कल गेला. कोणी कोणाला विचारले नव्हते, तरी हात एकाच शब्दाकडे गेले. संगती म्हणजे हीच. मराठीत ‘कडाक्याची’ म्हटल्यावर पुढे थंडी किंवा भांडण येते आणि ‘मुसळधार’ म्हटल्यावर पाऊसच येतो. ‘मुसळधार थंडी’ का नाही, याचे उत्तर आपण देत बसत नाही.

तेव्हा ‘अ‍ॅग्री’बरोबर ‘कम्प्लीटली’, ‘एंटायरली’, ‘फुली’, ‘क्वाइट’ हे शब्द बसतात, कारण सहमती पूर्ण किंवा अपूर्ण असू शकते. ‘अंडरस्टँड’बरोबर ‘फुली’ आणि ‘क्वाइट’ बसतात. ‘क्वाइट’च्या बाबतीत मात्र जपून राहावे: ‘आय क्वाइट अ‍ॅग्री’ म्हणजे पूर्ण सहमती, पण ब्रिटिश तोंडी ‘आय क्वाइट लाइक इट’ म्हणजे ‘बरे आहे’ एवढेच. ‘डाउट’बरोबर ‘सिरियसली’ आणि ‘व्हेरी मच’ शोभतात. ‘हायली डाउट’ हेही पुष्कळ ऐकू येते, अमेरिकेत विशेष. ‘होप’ आणि ‘रिग्रेट’ यांच्याबरोबर ‘सिन्सिअरली’ येते, ‘रिग्रेट’बरोबर ‘डीपली’ही येते. ‘रेकमेंड’ला ‘हायली’ आणि ‘स्ट्राँगली’ दोन्ही चालतात, पण छटा वेगळ्या आहेत: ‘हायली रेकमेंड’मध्ये वस्तूची किंवा व्यक्तीची वाखाणणी असते, आणि ‘स्ट्राँगली रेकमेंड’मध्ये समोरच्याने अमुक करावे असा आग्रह असतो.

‘हायली’ निघालेच आहे, तर मार्गदर्शक बाईंचे वाक्य पाहू. ‘हायली’ म्हणजे उंचावर. ‘थिंक हायली ऑफ समवन’ म्हणजे कोणाला मनात वरचे स्थान देणे. इथे ‘हायली’ वाटण्याला जोर देत नाही, ते त्या व्यक्तीची जागा सांगते, आणि जागा सांगणारा शब्द क्रियापदाच्या नंतरच येतो. म्हणून ‘आय थिंक हायली ऑफ हर’ हे बरोबर, आणि जोर वाढवायचा असेल तर इथे ‘व्हेरी’ला जागा मिळते, कारण आता ते क्रियापदाला न लागता ‘हायली’ला लागते: ‘आय थिंक व्हेरी हायली ऑफ हर’. याच ‘ऑफ’चा एक धोका सांगून ठेवते. ‘आय डोन्ट थिंक मच ऑफ इट’ म्हणजे ‘मी त्याचा फार विचार करत नाही’ असे नव्हे. ‘मला त्यात काही दम वाटत नाही’ असा त्याचा अर्थ होतो, आणि एखाद्याच्या कामाबद्दल तसे लिहिले तर तो दुखावतो. विचार कमी केला एवढेच सांगायचे असेल, तर ‘ऑफ’ऐवजी ‘अबाउट’ लिहावे.

असाच दुसरा खड्डा ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’ यांचा आहे. ‘आय थॉट हार्ड’ म्हणजे मी डोके शिणवून विचार केला. ‘आय हार्डली थिंक सो’ म्हणजे ‘तसे असेल असे मला मुळीच वाटत नाही’. ‘ली’ जोडल्याने इथे जोर उलट दिशेला जातो, आणि ‘हार्डली’ स्वतःच नकारी असल्यामुळे त्याच्याबरोबर ‘डोन्ट’ लिहायचे नसते.

पाठांतराविषयी एवढेच सुचवीन की सुट्या शब्दांची यादी करू नका, जोड्या लिहून ठेवा, आणि जोडी ज्या वाक्यात भेटली ते वाक्यही लिहा. ‘स्ट्राँगली म्हणजे ठामपणे’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘आय स्ट्राँगली सस्पेक्ट दे नो ऑलरेडी’ ही नोंद कामाची आहे. शंका आली की मोठ्या शब्दसंग्रहांत शोधता येते. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या संग्रहात सुमारे १० कोटी शब्दांचे इंग्रजी लेखन आणि बोलणे साठवलेले आहे, आणि समकालीन अमेरिकन इंग्रजीच्या कोका या संग्रहात १०० कोटींहून अधिक शब्द आहेत. तिथे ‘स्ट्राँगली’ टाकून त्यापुढे कोणती क्रियापदे येतात ते पाहिले, की संगत डोळ्यांसमोर उभी राहते. शब्दकोशाने ‘अतिशय’ हा अर्थ दिला ते काही चुकीचे केलेले नाही. पण संगत दाखवणे हे त्या एका शब्दाच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. शक्य असल्यास इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश हाताशी ठेवा, विशेषतः शिकणाऱ्यांसाठी केलेला, कारण त्यात उदाहरणवाक्ये असतात आणि जोड्या ठळक छापलेल्या असतात.

राहिला तो करार. सही होऊन गेली असली, तरी त्याच्या नूतनीकरणाचा किंवा दुरुस्तीचा विषय कधी तरी निघेल, आणि तेव्हा तुम्हाला पुन्हा लिहावे लागेल. आपले आधीचे ईमेल कोमट वाचले गेले, हे त्या वेळी मोकळेपणाने सांगायला हरकत नाही. मसुदा असा ठेवता येईल: ‘आय शुड हॅव सेड धिस मोअर क्लिअरली लास्ट टाइम. आय रिअली डिड नॉट थिंक वी शुड साइन, अँड आय स्टिल डू नॉट.’ यात ‘रिअली’ नकाराच्या आधी आहे, आणि दोन्ही ठिकाणी ‘नॉट’ आखडून न लिहिता पूर्ण लिहिले आहे, ज्यामुळे तो वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटत नाही. त्यानंतर लगेच कारणे लिहा, आणि कारणांच्या वाक्यांत ‘आय थिंक’ कुठेही येऊ देऊ नका.